ड्रायव्हरचं पोरगं

पुतण्यानं मे महिन्यात घरी येऊन पहिली मागितली ती किल्ली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याचे हिशेब मी लिहितो (सोलापूर शहरात कारखाना म्हणलं की टॉवेल-चादरीच्या लूमचं शेड, जिल्ह्यात गेलात की साखरेचा, बाहेरच्यांचा कायम घोळ होतो) त्याचं मागचं शेड दोन वर्षं झाली बंद आहे, सहा लूम भंगारात गेले, चार गंजत उभे आहेत, किल्ली माझ्याकडं. "काका, तीनच दिवस द्या की. किडनॅपिंग आहे." आमचं पोरगं हे असं बोलतंय. बायको आतून लाटणं घेऊनच बाहेर आली.

मग कळलं, शॉर्ट फिल्म. वीस मिनिटांची, कुठल्याशा स्पर्धेला पाठवायची, इंजिनिअरिंगची सहा पोरं आणि मोहल्ल्यातली चार-पाच मिळून काढलालेत. होटगी रोडच्या एका बिल्डरचं आठ वर्षांचं पोरगं पळवतात, पन्नास लाख मागतात, शेवटी पोलिस येऊन शेडमध्ये फायरिंग. मी म्हणलं फायरिंग कशानं करणार बे, तर म्हणे आवाज मोबाईलवर टाकता येतो. किल्ली दिली, पण अट घातली, आधी स्क्रिप्ट वाचायला दे. मी दिवाणजी माणूस. कागद हातात आला की मी आधी बेरीज तपासतो.

स्क्रिप्ट तशी वाईट नव्हती. पण दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. बिल्डरला आडनाव होतं, इन्स्पेक्टरला आडनाव होतं, बिल्डरच्या बायकोला माहेरचं गावसुद्धा होतं. आणि पळवणारे तिघे म्हणजे पक्या, सल्या आणि काळ्या. बास. आडनाव नाही, घर नाही, आई नाही, हे लोक जेवतात कुठं तेही नाही. बोलणं बघा तर बिल्डर आणि बायको एकदम पुण्याच्या सदाशिव पेठेतलं बोलतात, "अहो, आपलं बाळ अजून कसं आलं नाही", इन्स्पेक्टरही तसंच. वॉचमन तेवढा सोलापुरी, कारण त्याच्यावर हसायचंय. आणि फोनवर खंडणी मागताना काळ्या एकदम हिंदीत, "ए सेठ, पैसा तैयार रख".

"हे लोक राहतात कुठं?" मी विचारलं.

"सोलापुरात की काका."

"मग सोलापुरातलं एकच माणूस सोलापुरी बोलतंय आणि त्याच्यावर आपण हसायचं, असं का?"

"ऑडियन्सला कळलं पाहिजे ना."

आता याला काय सांगायचं. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी २०१६ साली करमाळ्याकडं 'सैराट' काढला तेव्हा मुंबई-पुण्याच्या ऑडियन्सला कळलंच की सगळं. बायका थेटरात नाचत होत्या. पण ते राहू दे. मला खरं खटकत होतं ते त्या फोनचं. मी म्हणलं हे बघ, मी पन्नास वर्षं या गावात आहे, सकाळी दूधवाल्याशी कन्नडमध्ये दोन शब्द बोलतो, कारखान्यात जॉबरशी (लूमवरचा मुकादम) तेलुगूत, रिक्षावाल्याशी आमची ती दखनी-मराठी खिचडी, आणि ऑडिटवाल्या साहेबांपुढं शुद्ध का काय ते. इथलं कुणीही समोरचा माणूस बघून भाषा बदलतंय. तर ज्याला पन्नास लाख पाहिजेत ते येडं आपली स्वतःची भाषा कशाला वापरेल? ते बापाची भाषा वापरणार. सगळ्यात शुद्ध मराठी त्या पिक्चरमध्ये किडनॅपरच्या तोंडी पाहिजे, बिल्डर भीतीनं सोलापुरीवर आला पाहिजे. पुतण्या जरा वेळ गप्प बसला आणि म्हणला, "पॉइंट आहे". हे पोरगं मला कधी पॉइंट देत नाही.

तर मूळ मुद्दा. त्या स्पर्धेच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, तुमच्या चित्रपटात डायव्हर्सिटी आणि रिप्रेझेंटेशनचा विचार कसा केला ते शंभर शब्दांत लिहा. पोरांनी भरून टाकलेलं, आमच्या टीममध्ये मराठी, तेलुगू, कन्नड, मुस्लिम, मारवाडी सगळे आहेत. वाचून हसलो. अरे त्या हिशेबानं सोलापुरात डायव्हर्सिटी फुकटात मिळते, त्यात तुमचं काय. १९३० ला मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फासावर दिलं तेव्हा ती नावं काय होती, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार हुतात्मा पुतळ्यापाशी रोज सिग्नलला उभं राहतो आपण. कुणी ठरवून कास्टिंग केलं नव्हतं. गावच तसं आहे. कोण कोण आहेत हा प्रश्नच नाही, कोण कुठं उभं आहे हा आहे. लग्नाच्या पंगतीत सगळे असतात, पण वाढणारे कोण आणि पाटावर कोण, हे बघितलं की कळतंय ना.

मग मी विचारलं, काळ्याचं काम कोण करणार.

तर तो पोरगा. नाव लिहीत नाही. पुतण्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, चोवीस-पंचवीसचा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, राहायला सेटलमेंट फ्री कॉलनीत. उंच, सावळा, गालावर लहानपणी पडल्याची खूण. आणि सांगतो, त्या अख्ख्या टोळक्यात अॅक्टिंग येतीय ती एकट्याला. पथनाट्य करून आलेला, आवाज असा की शेडच्या त्या टोकाला पुटपुटला तरी इकडं ऐकू येतंय. आतापर्यंत तीन कामं केली म्हणला. एकदा पाकीटमार, एकदा दारुडा, एकदा नुसता गुंडा नंबर दोन. "आता प्रमोशन झालंय काका, मेन व्हिलन." हसत हसत बोलला. वर म्हणे, "माझं तोंडच तसलं आहे म्हणलालेत सगळे."

तोंड तसलं म्हणजे कसलं?

ज्यांना सेटलमेंट हे नाव नुसतं बसस्टॉपचं वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात काही जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, म्हणजे पोर पाळण्यात आहे आणि यादीत नाव चढलंय. अशा लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून ठेवलं, ती सेटलमेंट. हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी घ्यायची. दिवसभर मिलमध्ये राबायला चालायचे, रात्री परत तारेच्या आत. सोलापूर गिरणगाव म्हणून आपण छाती फुगवतो ना, त्या सुतात यांचाही पीळ आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पुढं तार निघाली. आमची आजी मात्र पुढं तीस-पस्तीस वर्षं सांगायची, तिकडच्या रस्त्यानं येऊ नको, लांबनं ये. कायदा दिल्लीत रद्द झालेला, आजीच्या डोक्यातला कोण रद्द करणार. आणि आजीवर ढकलून मी मोकळा होत नाही, कारण माझं स्वतःचं एक आहे, तेच सांगायला बसलोय खरं तर.

२०१८ चा जून. तुमच्याही मोबाईलवर ते आलं असणार. पोरं पळवणारी टोळी आलीय, बायकांच्या वेशात आहेत, साधूच्या वेशात आहेत, किडन्या काढतात. सोबत एक व्हिडिओ. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि सुसाट. काळजात चर्र होतं बघून. मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला, कारखान्याच्या ग्रुपवर टाकला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, काळजी घ्या. पुण्य केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ती होती एक फिल्म. कराचीतल्या एका संस्थेनं, रोशनी हेल्पलाइननं, आईबापांनी पोरांवर लक्ष ठेवावं म्हणून काढलेली जनजागृतीची फिल्म. तिच्या शेवटी ते मोटरसायकलवाले परत येतात, पोराला सुखरूप खाली ठेवतात आणि एक फलक उघडून दाखवतात, की मूल पळवायला क्षणभरच लागतो. म्हणजे पळवणारे हे पळवणारे नव्हतेच. कुणीतरी तो शेवट कापला. नुसता उचलून नेलेला तुकडा ठेवला आणि सोडून दिला. आणि तो कापलेला पिक्चर मी वाटला. जगातली सगळ्यात छोटी किडनॅपिंग थ्रिलर, आणि तिचा फुकट डिस्ट्रिब्युटर मी.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजार. पाच माणसं पोरं पळवणारी समजून जमावानं ठेचून मारली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. ती होती नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. बातमी टीव्हीवर चालली होती आणि मी जेवत होतो. मग खाली पट्टीवर आलं, मृत सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुका. हातातला घास तसाच राहिला. मंगळवेढा म्हणजे किती लांब, इथनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, ज्वारीला जातो आम्ही तिकडं. आमच्याच गल्लीत डौर वाजवत असाच कुणीतरी यायचा, आई सुपातनं पीठ घालायची. आणि खरं सांगतो, त्याच्या आदल्या आठवड्यात तसाच एकजण आला तेव्हा मी गेटवरूनच "आधार कार्ड आहे का" विचारलेलं. त्यानं काढून दाखवलं होतं. मी कार्डावरचा फोटो आणि तोंड ताडून बघितलं होतं, बँकेतल्यासारखं.

माझा मेसेज धुळ्यापर्यंत गेला असं नाही. तेवढे माझे ग्रुप नाहीत. पण त्या महिन्याभरात गेले त्या लाखो मेसेजात तीन माझे होते आणि हिशेबात तीन म्हणजे तीन. मग जुलैत व्हॉट्सअॅपनं एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. मला तरी पाच उरतातच.

तर एवढं सगळं डोक्यात, आणि समोर हा पोरगा हसत सांगतोय, माझं तोंडच तसलं. मी पुतण्याला म्हणलं, शूटिंग नंतर कर, आधी सगळ्यांना घेऊन एक पिक्चर बघ. अकिरा कुरोसावाचा 'हाय अँड लो', जपानी, १९६३ चा. मी कसा बघितला ती वेगळी गोष्ट, लॉकडाऊनमध्ये बघितला एवढं पुरे. शेडमध्येच लॅपटॉप लूमवर ठेवला, कडक भाकरी-शेंगाचटणीची पुडकी सोडली आणि लावला. काळा-पांढरा, सव्वादोन तासांच्या वर, खाली इंग्लिश अक्षरं. पहिली दहा मिनिटं पोरांचे मोबाईल चालूच.

गोष्ट अशी. योकोहामात टेकडीवर बंगला, बुटांच्या कंपनीतला मोठा माणूस गोंडो. घरदार गहाण टाकून त्यानं कंपनीवर ताबा मिळवायला पैसा उभा केलाय. तेवढ्यात फोन, तुझा मुलगा आमच्याकडं आहे, तीन कोटी येन दे. हा म्हणतो देतो, लगेच देतो. आणि मुलगा तर दारातनं आत येतो. मग नेलंय कुणाला? ड्रायव्हरच्या पोराला. दोघं पोलिस-चोर खेळत होते, कपड्यांची अदलाबदल केलेली, चुकून भलताच उचलला. आणि फोनवरचा म्हणतो, मला फरक पडत नाही, पैसे तेवढेच.

इथं शेडमध्ये मोबाईल बंद झाले. कारण आता प्रश्न असा आहे की आपल्या पोराला जे क्षणात देणार होता ते ड्रायव्हरच्या पोराला देणार का. पुढं कितीतरी वेळ कॅमेरा त्या एका दिवाणखान्यातनं बाहेरच पडत नाही. पोलिस, बायको, सेक्रेटरी, सगळे बोलतात, भांडतात, आणि ड्रायव्हर कोपऱ्यात उभा. खाली मान. त्याच्याच पोराचं चाललंय आणि बोलायचा हक्क त्याला सगळ्यात कमी. पडदा चांगला रुंद, माणसं इकडं-तिकडं होतात, हा त्या गर्दीत कडेला दिसतोच. मग कधीतरी जमिनीवर पालथा पडून विनवतो, आणि नंतर तर म्हणतो, साहेब राहू द्या, देऊ नका, पोरगं आपलंआपण सुटून येईल. बाप असं कधी म्हणतो? नोकर असला की म्हणतो.

त्या सीनला आमचा तो पोरगा उठून लूमपाशी गेला, उभ्या उभ्या बघत राहिला. शेवटपर्यंत बसला नाही.

पिक्चरमधला पळवणारा कोण, तर डॉक्टरकीची उमेदवारी करणारा तरुण. शिकलेला, गोरागोमटा, काळा चष्मा. टेकडीखालच्या वस्तीत कोंदट खोलीत राहतो, हिवाळ्यात गारठायचं, उन्हाळ्यात भाजायचं आणि वर बघितलं की तो बंगला. त्याला माफ करत नाही कुरोसावा, पण त्याला खोली देतो, खिडकी देतो, ऋतू देतो. पक्या-सल्या-काळ्याला हेच मिळालं नव्हतं. आणि पोराला ठेवलेलं घर पोलिस शोधतात कसे, तर फोनच्या टेपमध्ये मागं बारीक ट्रामचा आवाज आहे, तो ओळखून. माणसाच्या तोंडावरून नाही, बोलण्याच्या ढंगावरून नाही. पुतण्या लगेच म्हणला, आपल्यात लूमची खडखड ठेवू मागं. मी म्हणलं लूमवाल्या पूर्व भागात फिरलास तर अर्धं गाव अटक करावं लागेल बे.

(स्पाइक लीनं २०२५ ला हीच गोष्ट न्यूयॉर्कला नेली, 'हायेस्ट टू लोएस्ट'. श्रीमंत माणूस काळा, ड्रायव्हरही काळा, पण ड्रायव्हर तुरुंगात जाऊन आलेला, म्हणून ज्याचं पोरगं गेलंय त्याच्याशीच पोलिस संशयानं बोलतात. मला एकूण पिक्चर कुरोसावाच्या पासंगाला पुरला नाही वाटला, गाणीबिणी फार, पण ती एक गोष्ट त्यानं बरोबर पकडलीय.)

पिक्चर संपला. बाहेर साडेदहा झालेले. पोरं गप्प. तो पोरगा म्हणला, "मला ड्रायव्हरचा रोल द्या."

मग रात्रीत स्क्रिप्ट फिरली. बिल्डरच्या ऐवजी ड्रायव्हरचं पोरगं चुकून उचललं जातं. नक्कल म्हणा, मला चालतंय, कुरोसावानं तरी ती अमेरिकन कादंबरीवरनंच घेतलेली. पोरगं कुठलं, तर विडी घरकुलातला सात वर्षांचा एक बारका, आई घरी विड्या वळते, आमच्या जॉबरच्या नात्यातली. गोदूताई परुळेकर घरकुलात दहा हजार घरं आहेत, त्यातल्या एकाचं हे रत्न. तेलुगू बोलणार, मराठी शाळेत जाणार, शिव्या मात्र दखनीत. ड्रायव्हर बापानं पोराशी तेलुगूत बोलायचं ठरलं, आणि फ्री कॉलनीतल्या आमच्या हिरोला तेलुगू येतंच होतं, लहानपणापासून शेजारी तेच. खालती अक्षरं टाकू म्हणले. मला बरं वाटलं, एकदा तरी अक्षरं दुसऱ्यांनी वाचावीत.

किडनॅपर व्हायला कुणी तयार होईना. शेवटी पुतण्याच झाला. गोरा, चष्मा, केस एका बाजूला, बोलणं शुद्ध. ट्रायल बघून बायको म्हणली, "हा कसला पोरं पळवतोय, हा तर पतसंस्थेत कर्जाचा फॉर्म भरून घेणारा वाटतोय". मी म्हणलं हो ना, तेच पाहिजे. पण मलाही आतून पटत नव्हतं. भीतीच वाटेना त्याची. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, हसूच येतंय. आता हा दोष त्याच्या अॅक्टिंगचा की माझ्या डोळ्यांचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा-सव्वासहाला शेवटचा सीन. बाप पोराला शेडमधनं सोडवतो, खांद्यावर टाकतो आणि रस्त्यानं पळतो. पुतण्या रस्त्यापलीकडं टेम्पोच्या आडून मोबाईलवर शूट करत होता, अंगात किडनॅपरचाच शर्ट. क्रू दिसू नये म्हणून सगळे लपलेले. हुशारी बघा. वेळ कारखाने सुटायची. आणि आमचा हिरो फाटक्या शर्टात, घामाघूम, खांद्यावर पोरगं घेऊन मेन रोडवर.

पहिली एक मोटरसायकल थांबली. मग दुसरी.

"ए थांब. पोरगं कुणाचं आहे?"

त्याला वाटलं की पोरांनीच आयत्या वेळी काही घातलंय सीनमध्ये. त्यानं डायलॉग म्हणला. "माझंच आहे." स्क्रिप्टमधला डायलॉग होता तो, मीच लिहिलेला. आणि इतका जीव तोडून म्हणला की कुणालाही वाटावं, हा खोटं बोलतोय. बारकं आधी हसलं, मग एवढी माणसं बघून घाबरलं आणि "अम्मा" म्हणून मोठ्यानं रडायला लागलं. संपलं. कुणीतरी कॉलर धरली. कुणीतरी पोरगं ओढून घेतलं. दोन मोबाईल वर झाले, व्हिडिओ चालू. पंधरा-वीस माणसं कुठनं आली देव जाणे.

पुतण्या पळत आला, "शूटिंग आहे, शूटिंग आहे." कुणी ऐकेना. एकानं तर त्याला हातानं मागं सारलं, "तुम्ही बाजूला व्हा सर, लागंल तुम्हाला." सर म्हणला. पिक्चरमधल्या किडनॅपरला.

आणि मी? मी शेडच्या दारात डबा हातात घेऊन उभा होतो. पाय हलेना. राईनपाड्यात पण अशीच सुरुवात झाली असेल, एकानं विचारलं असेल, पोरीशी काय बोलतोस, एवढंच. मला ओरडायचं होतं आणि आवाज फुटत नव्हता. किती वेळ झाला? नंतर क्लिपवर बघितलं तर एक मिनिट बावन्न सेकंद.

सोडवलं कुणी, तर समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या अक्कानं. हातात उकळत्या चहाचं पातेलं घेऊनच आली, त्यामुळं रस्ता आपोआप झाला. आधी पोराला तेलुगूत झापलं, रडतोस कशाला म्हणून. मग बाकीच्यांना मराठीत. "सकाळपासनं शूटिंग चाललंय इथं, दोनदा चहा दिलाय यांना मी. हे पोरगं घरकुलातलं आहे, याची आई माझ्या बहिणीच्या घराला लागून राहते. सोडा त्याला. सोडा म्हणते ना!" कॉलर सुटली. माणसं पांगायला लागली. एकजण जाता जाता म्हणला, "तसं नाही भाऊ, आजकाल काय सांगता येतंय का." मोबाईलवाल्या दोघांनी मोबाईल खिशात घातले. डिलीट केलं का, विचारायचं सुचलं नाही कुणाला.

बारक्याला क्रीमरोल दिला, ते गप्प झालं. आमचा हिरो टेम्पोच्या पायरीवर बसून शर्ट बघत होता. मी पाणी दिलं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आजीपासून सुरू करायचं की व्हिडिओपासून, ते जुळेना. तोच म्हणला, "वरचं बटन गेलंय काका. कंटिन्युटीला प्रॉब्लेम येणार."

एडिटिंगला चार रात्री गेल्या. पुतण्याचा मोबाईल त्या गडबडीत टेम्पोच्या बॉनेटवर टेकवलेला आणि चालूच राहिलेला, सगळं आलं होतं त्यात. जरा तिरकं, पण आलेलं. "काका, एकदम रिअल आहे. वापरायचं का?" मी म्हणलं मला काय विचारतोस, ज्याची कॉलर आहे त्याला विचार. बोलावून घेतला. त्यानं क्लिप तीनदा बघितली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा कॉलर धरणाऱ्या माणसाच्या तोंडावर थांबवून, तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत.

"ठेवा की," म्हणला. "पण अक्का येऊन सोडा म्हणेपर्यंत ठेवा. मधीच कापू नका."

तसं ठेवलं तर पिक्चर तेवीस मिनिटांचा झाला, आणि स्पर्धेला वीसच्या वर चालत नाही. रात्री दोन वाजता सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघलालेत, काका तुम्ही सांगा कुठली तीन मिनिटं काढू. मी वही घेतली, सीन मांडले, समोर सेकंद लिहिले. होटगी रोडच्या बंगल्याचे, वरनं घेतलेले, गेट उघडतंय, गाडी येतीय, स्विमिंग पूल दिसतोय, असे मिळून तीन मिनिटं सहा सेकंद निघाले. तेवढे काढले. ड्रोनचं भाडं अडीच हजार, ते माझ्याच नावावर आहे अजून.